मदत हवी आहे: ओकालाजवळ शाकाहारी इटालियन कुठे मिळेल?

मंडळी, निवृत्तीनंतर आम्ही दोघं न्यू जर्सीतल्या एडिसनहून फ्लोरिडात, ओकालाजवळ राहायला आलो. तिकडे शुक्रवारी इटालियन ठरलेलं. पातळ, खरपूस बुडाचा पिझ्झा, नाहीतर एगप्लांट पार्मेजान, म्हणजे तळलेल्या वांग्याच्या कापांवर सॉस नि चीज. इथे तीन ठिकाणं पाहिली. पिझ्झा जाड नि मऊ, सॉस गोड. पिझ्झा जास्त भाजून मागितला, तेव्हा जरा बरा लागला.

पण खरी अडचण वेगळी आहे. आम्ही शाकाहारी, आणि हिला अंडंही चालत नाही. वाळवलेला पास्ता बहुतेक वेळा नुसत्या गव्हाच्या रव्याचा आणि पाण्याचा असतो, पण ताज्यात अनेकदा अंडं असतं. मिनेस्ट्रोने या भाज्यांच्या सुपात चिकनचं पाणी असू शकतं, वांग्याचे कापही तळण्याआधी अंड्यात बुडवतात. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या रेनेटने (वासराच्या पोटातून काढलेल्या, दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) बनतं, म्हणून ते आम्ही घेत नाही. एडिसनचा मालक आमच्यासाठी वांगी नुसत्या पिठात घोळवून तळायचा. ते फार आठवतं. इथे विचारलं की "मांस नाही" एवढंच उत्तर मिळतं. आधी फोन करूनही पाहिला, पण फोन घेणाऱ्याला स्वयंपाकघरातलं काही ठाऊक नव्हतं.

घरी मरिनारा (टोमॅटोचा सॉस) करतोच, प्रश्न बाहेर जेवण्याचा आहे. रात्री गाडी चालवत नाही, म्हणून दुपारीच, पाऊण तासाच्या आत. गेन्सव्हिल किंवा द व्हिलेजेस चालेल. साखळी हॉटेलं नकोत.

या भागात असं सांगितल्याप्रमाणे करून देणारं घरगुती इटालियन ठिकाण कुणाला माहीत आहे का? आणि नव्या जागी हे नेमकं कुणाला, कसं विचारता?