न्यू पॅलेस आपला का साहेबाचा?

रंकाळाकाठी: परवा पुण्याच्या पाव्हण्यांना आपल्या कोल्हापूरचा न्यू पॅलेस दाखवायला गेलतो. दारातनंच एकजण म्हणतोय, "ब्रिटिशांची बिल्डिंग भारी आहे की." डोकंच फिरलं राव. काळा दगड, छज्जे, वरच्या घुमटीच्या छत्र्या, दरबार हॉलच्या काचांवर शिवरायांचे प्रसंग, हे सगळं सोडून ह्याला दिसतंय काय तर टॉवरवरचं घड्याळ! साहेबी बघायचीच तर टाऊन हॉल बघा की, 1872-76 चा, टोकदार कमानी, लांबनं चर्चच वाटतंय. पॅलेसला कलोनियल म्हणणं बंद करा.

जुना_बुधवार: छत्र्या बघून फसू नकोस भावा. डिझाईन मेजर चार्ल्स मँटचं, लष्करातला इंजिनियर. बडोद्याचा लक्ष्मी विलास आणि अजमेरचं मेयो कॉलेज पण त्याचंच. गुजरात-राजस्थानातलं, जैन देवळांतलं आवडलं ते उचलायचं आणि आत साहेबी प्लॅन, ह्यालाच इंडो-सारासेनिक म्हणतात. आणि 1877 ला काम चालू झालं तेव्हा कोल्हापूरचे राजे चौथे शिवाजी महाराज 14 वर्षांचे, कारभार इंग्रजांच्या हातात. त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं, तिथंच डिसेंबर 1883 मध्ये गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन ते गेले. पॅलेस पुरा झाला 1884 ला. आता सांग, कुणाचा?

रंकाळाकाठी: मँट तरी कुठं बघायला होता, तो 1881 लाच गेला. पैसा कोल्हापूरच्या रयतेचाच ना?

जुना_बुधवार: पैसा रयतेचा हीच तर बोंब आहे. रयतेला विचारलं कुणी?

छिन्नी_हातोडा: मधीच बोलतो, घरात पिढ्यान्पिढ्या दगडाचं काम आहे. राजस्थानातली नक्षी वाळूच्या दगडातली, तो मऊ, खोल कोरता येतोय. आपला काळा दगड छिन्नीची धार खातोय, जरा चुकलं की टवका उडतोय. तीच नक्षी ह्या दगडात उतरवायची आणि वर पॉलिश काढायचं म्हणजे नुसता नकाशा पुरत नाही. मँटचं नाव सगळ्यांना पाठ, पाथरवटाचं एकाला तरी ठाऊक आहे काय?

रंकाळाकाठी: हे बोललास बघ!! शिवाय 1884 लाच शाहू महाराज दत्तक आले, दहा वर्षांचेही नव्हते. कोल्हापूरकराला पॅलेस म्हटलं की शाहूच आठवतात, मँट नाही.

जुना_बुधवार: पाथरवटाचं पटलं. शाहूंचं नाव काढून आर्किटेक्चर कसं बदलतंय ते काय कळलं नाही. रविवारी ये, खांबाजवळ उभं राहून भांडू, तिकीट तुझं.