लहान खाचरांत भातलावणी यंत्र चालतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यात आमचं सगळं मिळून तीस-एक गुंठे भात. पऱ्याकडेचा (ओढ्याकाठचा) मळा सपाट, बाकी खाचरं उतारावर, काही इतकी चिंचोळी की बैल वळवताना बांधावर चढायचे. आता बैल गेले. छोटा टिलर भाड्याने येतो, चिखलणी उरकते. अडतं लावणीला. सगळ्या वाडीचा तरवा (लावणीची रोपं) एकाच वेळी तयार होतो आणि माणसं मोजकी. मुंबईकर गणपतीला येतात, लावणीला नाही!

पाच घरांत मिळून मागून चालायचं चार ओळींचं यंत्र घ्यावं, असं चाललंय. त्याला राबावरचा (जमिनीवरच्या रोपवाटिकेतला) तरवा चालत नाही, ट्रेमधली पंधरा-वीस दिवसांची चटईसारखी रोपं लागतात, हे कळलं. पण आपल्या पावसात ट्रे ठेवायचे कुठे? अंगणात पागोळ्यांनी बी वाहून जाणार, पडवीत ऊन नाही. मातीत खडे फार, चाळूनच भरता का? आणि कमरेएवढ्या बांधावरून यंत्र खालच्या खाचरात उतरवता कसं? विक्रेता दाखवतो ते सगळे व्हिडिओ सपाट शेतातले.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अल्पभूधारकाला 50 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण सातबारा सामाईक, निम्मी नावं बोरिवलीत. संमतीपत्रं गोळा करेपर्यंत पुढचा मृग येईल. गटाच्या नावाने कुणी अर्ज केलाय का?

प्रतिसाद:
दादा, यंत्र मळ्यापुरतंच धरा. चिंचोळ्या खाचरात वळवायलाच जागा जाते, कोपरे शेवटी हातानेच लावावे लागतात. चिखलणीनंतर एक-दोन दिवस गाळ बसू द्या, नाहीतर रोपं तरंगतात. पाणी दोन-तीन सेंटिमीटरच हवं, जुलैत हेच कठीण, म्हणून निचऱ्याचं तोंड आधी काढून ठेवा. दोन ओळींत बहुतेक 30 सेंटिमीटर अंतर पडतं. ती जागा फुटव्यांनी भरायची, आणि हळव्या (लवकर पिकणाऱ्या) भाताला फुटव्यांना दिवस कमी मिळतात, तेव्हा जात बघून घ्या. ट्रेवर आम्ही बांबूच्या कमानी करून पातळ प्लास्टिक टाकतो, उघडीप मिळाली की काढतो. माती चाळायचीच, खडा अडकला की यंत्राची बोटं वाकतात.

उतारावर सगुणा भात तंत्र बघा, नेरळकडे सुरू झालेलं. गादीवाफ्यावर टोकणी, चिखलणी नाही की लावणी नाही. तणाकडे मात्र सुरुवातीपासून लक्ष द्यावं लागतं.

तुमच्या मळ्यात पऱ्याचं पाणी चढतं का? चढत असेल तर यंत्राचे पैसे देण्याआधी बोलू.