पिंजरा स्वयंपाकघरात नको

स्वयंपाकघरात पिंजरा ठेवला तर पक्ष्याला दिवसभर सोबत मिळते, असं पक्षी पाळणाऱ्या एकांनी लिहिलंय. सोबतीचं पटतं, पण स्वयंपाकघर कृपा करून टाळा. नॉनस्टिक तवा रिकामाच जास्त तापला की त्याच्या लेपातून विषारी वायू सुटतो. आपल्याला तो जाणवणारही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत दगावू शकतो. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, त्यामुळे प्राणवायू जितका भरभर शोषला जातो तितकंच विषही. सुगंधी स्प्रे आणि सिगारेटचा धूरही म्हणूनच घातक.

त्यापेक्षा बसायच्या खोलीत, एक बाजू भिंतीला टेकवून पिंजरा ठेवा. पाठीशी आडोसा असला की पक्षी निवांत बसतो. बाहेर सोडण्याआधी पंखा बंद आणि काचांवर पडदे, हे तर हवंच. बसायला एकसारख्या गुळगुळीत दांड्यांऐवजी कमीजास्त जाडीच्या फांद्या लावा, नाहीतर तळपायाला फोड येतात.

आणि एक, पक्षी आजार लपवतात. दिवसाही पिसं फुलवून गप्प बसलाय, श्वासागणिक शेपूट खालीवर होतेय, असं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा.