हेडफोनच्या रिव्ह्यूत इक्यू (इक्वलायझरने बेस-ट्रेबल कमीजास्त करणं) धरायचा की नाही?

कानसेन_पुणेकर: हल्ली अर्ध्या रिव्ह्यूत शेवटी 'इक्यू केल्यावर मस्त वाजतो' असतंच. मग मार्क नक्की कशाला दिलेत, हेडफोनला की तुमच्या सेटिंगला?

बेसभक्त: दोन्ही वेगवेगळं लिहावं ना राव. आधी जसा आहे तसा, मग इक्यू किती झेपतो ते. सेनहायझरचा एचडी ६५० घ्या, ओपन बॅक (कप मागून उघडे), सगळ्यात खालचा बेस मुळातच उतरलेला, तिथे इक्यूने ६ डीबी (डेसिबल) चढवून आवाज मोठा केला की डिस्टॉर्शन वाढतं आणि ढोल घुमायच्या ऐवजी फरफरतो. हायफायमॅन सुंदरासारखा प्लेनार (सपाट पातळ पडद्याचा) हेडफोन तेवढंच निमूट सोसतो. हे रिव्ह्यूवाल्याने नाही सांगायचं तर कोणी सांगायचं??

साधा_श्रोता: आमची आई मोबाईलला लावून अभंग ऐकते, तिला पॅरामेट्रिक इक्यू (प्रत्येक पट्टा बारकाईने जुळवायचा प्रकार) शिकवू का आता 😄 मार्क इक्यूशिवायच द्या.

बेसभक्त: मान्य, पण ज्यांना करायचंय त्यांनी ६ डीबी चढवताना प्रीअँप (इक्यूतली एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली आणा, नाहीतर क्लिपिंग होतं, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटतो, आणि लोक हेडफोनला शिव्या घालतात.

गप्पिष्ट०७: शिवाय ८ किलोहर्ट्झच्या वर (अगदी उंच, बारीक आवाजात) प्रत्येकाच्या कानात वेगळंच ऐकू येतं, दुसऱ्याचा प्रीसेट (तयार इक्यू सेटिंग) जसाच्या तसा कसा चालेल? मी तर आधी क्लॅम्प (डोक्यावरची पकड) नि कानाचे पॅड बघतो, ते इक्यूने सुधरत नाहीत.