फुकुशिमा एकच नाही

कुणीतरी विचारलंय, अणुभट्टीच्या अपघातानंतर जपानमधल्या फुकुशिमा शहरात लोक राहतात कसे? ते अणुवीजकेंद्र त्या शहरात नाहीच. त्याच नावाच्या प्रांतात, पण समुद्रकाठच्या ओकुमा आणि फुताबा या गावांच्या हद्दीत आहे. शहरापासून सुमारे ६० किलोमीटर दूर. २०११ च्या त्या अपघातानंतर हे नाव उच्चारलं की फक्त किरणोत्सर्ग आठवतो, हा मला फार मोठा अन्याय वाटतो. ओसाकातही फुकुशिमा नावाचा प्रभाग आहे. होक्काइदो बेटावरचं फुकुशिमा तर सुमोचं गाव! चियोनोयामा आणि चियोनोफुजी हे दोन्ही योकोझुना, म्हणजे सुमोतले सर्वोच्च दर्जाचे पैलवान, तिथलेच. शिवाय हे आडनावही आहे. हिरोशिमाचा सरदार फुकुशिमा मासानोरी बऱ्याच जणांना माहीत असेल. पण फुकुशिमा यासुमासा या लष्करी अधिकाऱ्याबद्दल जरूर वाचा. १८९२-९३ मध्ये हा माणूस बर्लिनहून व्लादिवोस्तोकपर्यंत एकटा घोड्यावरून गेला, तोही सायबेरियातून.