जिप्सीचा मागचा एक्सल तुटला, ईएन२४ स्टीलमध्ये बनवून घ्यायचाय, कुठे जाऊ?

सांगलीची_जिप्सी:
नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग, १.३ एमपीएफआय. ३१ इंची टायर आहेत, मागे लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) बसवलाय, बाकी इंजिन स्टॉक. गेल्या रविवारी आंबा घाटाच्या बाजूला एका ओढ्यातून वर निघताना, लो फर्स्टमध्ये (सगळ्यात ताकदीच्या गिअरमध्ये), मागून खाडकन आवाज आला आणि मागचं डावं चाक आत कललं, ड्रम घासायला लागला. शेवटी एका काकांचा ट्रॅक्टर आणून ओढून काढली. उघडलं तर हाफ शाफ्टचे (एका बाजूचं चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) दोन तुकडे. याआधी दोन वर्षांपूर्वी उजवीकडचा गेला होता, तेव्हा मार्केटमधला नवा टाकला. आता म्हटलं रोजचं मढं नको, एकदाच ईएन२४ मध्ये जरा जाडच शाफ्ट बनवून घेऊ, दोन्ही बाजूंचे. कोल्हापूरला उद्यमनगरात विचारलं तर एक जण म्हणाला ईएन८ मध्ये करून देतो, दोन दिवसांत. दुसरा म्हणतो स्प्लाईन (शाफ्टच्या आतल्या टोकाचे दाते) करायला पुण्याला पाठवावं लागेल. कुणी करून घेतलेत का? खर्च किती आणि टिकतात का?

चिखलप्या:
भावा ईएन८ च्या नादाला लागू नको, ते साधं मीडियम कार्बन स्टील, नुसतं टर्निंग करून बसवलं तर कंपनीच्या शाफ्टपेक्षाही वाईट निघेल कारण कंपनीचा निदान हार्डनिंग केलेला तरी असतो. ईएन२४ मध्ये निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असतं, म्हणून जाड सळई आतपर्यंत कडक होते. पण ते सुद्धा हीट ट्रीटमेंट केली तरच. लॉकर आणि ३१ चे टायर म्हटल्यावर तुटणारच रे, एक चाक हवेत गेलं की मागचा सगळा जोर दुसऱ्या शाफ्टवर.

भोसरी_लेथ:
आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. ईएन२४ चा बार घेताना टेस्ट सर्टिफिकेट माग, आणि शक्य असेल तर एक चकती कापून लॅबमध्ये स्पेक्ट्रो (धातूत काय काय आहे त्याची तपासणी) करून घे, कारण ईएन२४ सांगून ईएन१९ देणारे आहेत. क्रम असा: आधी रफ टर्निंग, बेअरिंगच्या जागेवर ग्राइंडिंगसाठी अर्धा एमएम ठेवून. मग स्प्लाईन हॉबिंग (दाते कापणं). मग ८३०-८५० डिग्रीला तापवून तेलात क्वेंच (झटकन थंड) आणि टेम्परिंग (परत थोडं तापवणं), कडकपणा ३८ ते ४२ एचआरसी सांग. यापेक्षा जास्त मागू नकोस, ठिसूळपणा वाढतो. भट्टीत शाफ्ट उभा टांगायला सांग, आडवा ठेवला की केळं होतं. नंतर डायल लावून रनआउट (फिरताना किती डुलतो ते) बघायचा आणि मग बेअरिंगची जागा ग्राइंड करायची.

जाडीचं म्हणशील तर पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे समजा २६ चा २८ केला तर साधारण २५ टक्के जास्त. पण स्प्लाईनचं माप डिफच्या (डिफरन्शियलच्या) गिअरनेच ठरलेलं असतं, तिथे जाडी वाढवता येत नाही. मग मधला दांडा स्प्लाईनच्या मुळापेक्षा जाड ठेवून काय उपयोग? उलट तो थोडा बारीक ठेवला की पीळ सगळ्या लांबीवर वाटला जातो. आणि एक गैरसमज काढून टाक, ईएन८ असो की ईएन२४, तेवढ्याच टॉर्कला दोन्ही सारखेच पिळतात. फरक एवढाच की ईएन२४ परत सरळ येतो, ईएन८ पिळलेलाच राहतो.

पण या सगळ्याआधी सांग, तुटला कुठे? स्प्लाईनपाशी, मध्ये, की चाकाकडे? आणि तुटलेल्या तोंडाचा फोटो टाक.

सांगलीची_जिप्सी:
चाकाकडे. बेअरिंगनंतर ती प्रेस केलेली रिंग असते ना, तिच्या आतल्या काठाला अगदी लागून. तोंड विचित्र आहे. निम्म्याहून जास्त भाग काळपट, गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा रेघा. उरलेला चंद्रकोरीएवढा भाग चकचकीत, खरबरीत.

चिखलप्या:
अरे मग हे पिळून तुटलंच नाहीये.

भोसरी_लेथ:
बरोबर. पिळून तुटला असता तर स्प्लाईनचे दात वाकडे झालेले दिसले असते. त्या शिंपल्यासारख्या रेघा म्हणजे फटीग, भेग हळूहळू सरकत आत गेली. काळपट भाग कित्येक महिने जुना, ओढ्यात फक्त उरलेली चंद्रकोर तुटली. जिप्सीचा मागचा एक्सल सेमी फ्लोटिंग, म्हणजे गाडीचं वजन शाफ्टच्याच तोंडावर, त्यामुळे तो नुसता पिळत नाही, वाकतोही, आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला उलटसुलट वाकतो. ३१ च्या टायरला एका किलोमीटरमध्ये चारशेच्या आसपास फेऱ्या होतात. दहा हजार किलोमीटर म्हणजे चाळीस लाख. आता खरं सांग, स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावलेत का?

सांगलीची_जिप्सी:
हो, दीड इंची. टायर लीफ स्प्रिंगला घासत होते म्हणून.

भोसरी_लेथ:
झालं तर मग. चाकापासून बेअरिंगपर्यंतचं अंतर समजा ७० एमएम धरलं, त्यात ३८ मिळवलेस, वाकवणारा जोर दीडपट. हमरस्त्यावरसुद्धा. लॉकर बिचारा उगीच बदनाम. आणि अजून एक, रेघा कुठल्या बिंदूपासून पसरल्यात ते बघ. त्या जागी काही खूण आहे का?

जुना_फिटर_नाशिक:
मध्येच बोलतो, माफ करा. ती जुनी रिंग काढताना पोरं ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी कापतात आणि शेवटी छिन्नीने फोडतात. हात जरा घसरला की शाफ्टला चरा. वर नवी रिंग बसते, चरा झाकला जातो, कुणाला दिसत नाही. मी आयुष्यभर असेच एक्सल बघितलेत. रिंग पूर्ण कापायची नाही, पापुद्र्याएवढी ठेवायची आणि मग छिन्नीचा हलका टोला. नवी बसवताना तेलात गरम करून, गॅसची ज्योत मारून नाही.

भोसरी_लेथ:
काकांनी बरोबर पकडलंय. सांगलीकर, बनवायचाच असेल तर शोल्डरला (जाडी बदलते तिथे) मोठा रेडियस (गोलाई) आणि रिंगच्या काठाशी पॉलिश, टूलची एक रेघ दिसता कामा नये. काही वेळा बाहेरचा व्यास तोच पण बोअर (आतलं भोक) मोठं असं बेअरिंग मिळतं, उदाहरणार्थ ६३०६ आणि ६२०७, दोघांचं बाहेरून ७२ च, पण शाफ्ट ३० चा ३५ होतो. तुझ्या गाडीला हेच नंबर लागतात असं नाही, बेअरिंगचं लोड रेटिंगही थोडं उतरतं, पण हा रस्ता बघण्यासारखा आहे. स्पेसर मात्र काढच. रिंगच्या बाहेर तुटला असता तर चाक शाफ्टच्या तुकड्यासकट निघून गेलं असतं, आणि तेही घाटात उतरताना.

सांगलीची_जिप्सी:
आत्ता उजवीकडचा काढला, दोन वर्षांपूर्वी टाकलेला. मध्ये बेअरिंग बदललं होतं एकदा, तेव्हा रिंग कापलेली. आज काकांनी सांगितलं तशी काढली, दीड तास गेला. शाफ्ट पुसून बघितला तर रिंगखाली दोन चरे, नखाला लागतात. एकातून केसासारखी बारीक रेघ पुढे गेलीय. स्पेसर काढून ठेवले. भोसरीवाले दादा, दोन शाफ्ट करून द्याल का? तुटलेला आणि हा, दोन्ही नमुन्याला घेऊन पुढच्या शनिवारी येतो.

भोसरी_लेथ:
ये. येताना डिफचा साईड गिअरसुद्धा आण, स्प्लाईन त्यावरच बसवून बघू. आणि बसने ये.