बारावीनंतर अभियांत्रिकीची पदवी की आयटीआय आणि अप्रेंटिसशिप?

साताऱ्याची ताई

माझ्या धाकट्या भावाने यंदा विज्ञान शाखेतून बारावी केली. गुण बेताचेच असल्यामुळे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाची आशा नाही. खासगी महाविद्यालयात यांत्रिकी शाखेला जागा मिळेल, परंतु चार वर्षांचे शुल्क, वसतिगृह आणि खाणावळ धरता बाबांना कर्ज काढावे लागेल. भावाला आयटीआयमध्ये दोन वर्षे फिटरचा ट्रेड करून पुढे एखाद्या मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागायचे आहे. बाबांना हे मान्य नाही. गावातील दोघे-तिघे ‘अप्रेंटिस’ म्हणून औद्योगिक वसाहतीत गेले आणि वर्षभर लाइनवर नट आवळून परत आले, तेव्हापासून शिकाऊ म्हणजे स्वस्तातला मजूर, असे त्यांचे ठाम मत झाले आहे. या मार्गाने गेल्यास पदवीचा रस्ता कायमचा बंद होतो का? आणि खरी शिकाऊ उमेदवारी कोणती व नावापुरती कोणती, हे आधीच कसे ओळखावे?

निवृत्त शिल्प निदेशक

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या वडिलांची शंका रास्त आहे. कारखान्याच्या फाटकावर ज्याला ‘अप्रेंटिस’ म्हणतात तो प्रत्येक जण कायद्याने अप्रेंटिस असतोच असे नाही. ठेकेदारामार्फत भरलेली, ‘ट्रेनी’ असा बिल्ला लावलेली मुले त्यात सर्रास मिसळलेली असतात. अलीकडे राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेलाही लोक हेच नाव देतात, पण ती वेगळी योजना आहे आणि तिच्यातून ट्रेडचे प्रमाणपत्र मिळत नाही.

खरी उमेदवारी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली होते. तिच्यात उमेदवार आणि कारखाना यांच्यात लेखी करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, आणि त्यात ट्रेडचे नाव, कालावधी व विद्यावेतन लिहिलेले असते. रुजू होण्यापूर्वी हा करार पाहायला मागावा. ‘नंतर बघू’ असे उत्तर आले, तर तिथून निघावे. सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय उमेदवाराला ओव्हरटाइम लावता येत नाही, आणि नगावर पैसे तर देताच येत नाहीत. त्यामुळे ‘अमुक इतके पीस काढलेस तर इतके रुपये’ अशी भाषा ऐकू आली की तेथे शिकणे नसून उत्पादन चालले आहे, हे समजावे. ‘नॅप्स’ (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन) योजनेखाली विद्यावेतनाचा काही भाग (२५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपये) केंद्र सरकार देते आणि तो आता थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो, म्हणजे पासबुकही एक पुरावाच ठरते.

मात्र एक गोष्ट बाबांपासून लपवू नका. कायद्याने उमेदवार हा कामगार नसतो, आणि उमेदवारी संपल्यावर त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच, अशी हमी नाही. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर फिटरची उमेदवारी साधारण एक वर्षाची असते आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. या कागदाला सर्वत्र सारखी किंमत नाही, पण काही ठिकाणी ती रोकडी आहे. रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या लेव्हल-१ (सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. परळ-माटुंग्याच्या कार्यशाळांसाठी अर्जांचा जो पाऊस पडतो, त्याचे कारण हेच.

चाकणचा टूलरूमवाला

निदेशक सरांशी बहुतांशी सहमत आहे, पण ताई, तुमच्या भावाच्या बाबतीत मला आयटीआयचा आग्रह पटत नाही. त्याने बारावी विज्ञान केली आहे, म्हणजे आपल्या राज्यात त्याला तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. जितकी वर्षे आयटीआयला लागतील, तितक्याच वर्षांत त्याच्या हातात यांत्रिकी पदविका येईल. त्यानंतर ‘नॅट्स’ (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण) योजनेखाली एक वर्षाची तंत्रज्ञ उमेदवारी करता येते. २०१९ च्या नियमांप्रमाणे पदविकाधारकाचे किमान विद्यावेतन दरमहा ८,००० रुपये ठरले होते आणि मोठे कारखाने बहुधा त्याहून अधिक देतात. पुढे इच्छा झाल्यास अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, म्हणजे पदवीचा रस्ता बंद होण्याचा प्रश्नच उरत नाही. आयटीआयवाल्यालाही हीच शिडी खुली आहे, फक्त एक पायरी जास्त चढावी लागते.

आणखी एक. कोणता कारखाना, यापेक्षा कोणता विभाग, हे विचारायला शिकवा. टूलरूम (जेथे साचे व हत्यारे बनतात) किंवा देखभाल विभागात वर्ष काढलेला मुलगा ड्रॉइंग वाचतो, मायक्रोमीटर धरतो, बंद पडलेले यंत्र उघडून पाहतो. असेंब्ली लाइनवर तेवढेच वर्ष काढलेल्याला एकच स्टेशन येते. तुमच्या गावातील मुलांचे बहुधा हेच झाले असावे.

एमपीएससीचा उमेदवार

वरील दोन्ही उत्तरे कारखान्यापुरती योग्य आहेत, पण कारखान्याबाहेरही जग आहे. राज्यसेवेला पदवीच लागते, तेथे आयटीआय किंवा नुसती पदविका चालत नाही. (लग्नाच्या बाजारातही पहिला प्रश्न पदवीचाच असतो, मग पगार कितीही असो.) म्हणून नोकरी करता करता नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करण्याचा पर्याय घरी बोलून ठेवावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदव्यांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीतील एक ते तीन सत्रे प्रत्यक्ष उमेदवारीत घालवता येतात. मात्र जवळच्या महाविद्यालयाचा एखाद्या आस्थापनेशी खरोखर करार झाला आहे का, हे पाहिल्याशिवाय माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नये.

साताऱ्याची ताई

सर्वांचे आभार. थेट दुसऱ्या वर्षाच्या पदविकेचा पर्याय आमच्या घरात कोणाच्याच डोक्यात आला नव्हता, आणि बाबांनीही तो ऐकून घेतला. भावाचे मन मात्र अजून फिटरवरच आहे. पदविकेत हात काळे करायला फारसे मिळत नाही, अशी त्याची समजूत आहे. ती कितपत खरी आहे?

निवृत्त शिल्प निदेशक

बरीचशी खरी आहे. आयटीआयमध्ये दिवसाचा मोठा भाग कार्यशाळेत जातो, पदविकेत तो वर्गात आणि जर्नल लिहिण्यात जातो. प्रवेशाच्या तारखा उलटण्याआधी जवळच्या शासकीय आयटीआयत आणि शासकीय तंत्रनिकेतनात, दोन्हीकडे कामाच्या दिवशी जा. बाबांनाही सोबत न्या आणि कार्यशाळेतील किती यंत्रे चालू स्थितीत आहेत, ते स्वतः मोजा.